मृग, घट आणि शंभर मिलिमीटर



जून महिना उजाडला की आमच्या वडनेर भोलजी परिसरातल्या शेतकऱ्याला तीन दिशांनी तीन हुकूम येतात. घरातले आबा म्हणतात, ‘मिरग लागला, आता तिफन काढा.’ पूर्णेपलीकडच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे भाकीत जाहीर झालेले असते, ते एव्हाना पारापारांवर पोचलेले असते; त्यात कोणत्या महिन्यात किती पाऊस आणि कोणते पीक कसे, हे सांगितलेले असते. आणि तिसरा हुकूम रेडिओवर, वर्तमानपत्रात आणि आता मोबाइलवर येतो : ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये.’ हा कृषी विभागाचा सल्ला.

शेत एकच, मालक एकच आणि बियाण्याची पिशवीही एकच. कोणाचे ऐकायचे? ही गंमत नव्हे. पेरणी झाली, कोंब वर आले आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर ते कोंब डोळ्यांदेखत करपतात. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली. मग दुबार पेरणी, आणि तिच्यासाठी पुन्हा उसनवारी. उलट फार थांबावे तर हंगाम हातचा निसटतो, तूर-कपाशीला दिवस कमी पडतात. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष या एका निर्णयावर तोलले जाते, आणि तुमच्यापैकी अनेकांची फी, वह्या आणि एस. टी. चा पासही त्यातूनच निघतो.

प्रस्तुत लेखकाचा विषय पदार्थविज्ञान. शेतीत मी तज्ज्ञ नाही. पण एखादा नियम समोर आला म्हणजे त्याला काय विचारायचे, हे पदार्थविज्ञान चांगले शिकवते. तुम्ही ओहमचा नियम पाठ केला आहे. उत्तरपत्रिकेत पुष्कळ विद्यार्थी नुसते सूत्र लिहून मोकळे होतात. ‘तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असता’ एवढे शब्द गाळतात आणि एक गुण गमावतात. तो गुण का कापला जातो ते पाहा. जुना तारेचा बल्ब घ्या, २३० व्होल्ट, १०० वॅटचा. सूत्राने त्याचा रोध सुमारे ५२९ ओहम येतो. तोच बल्ब सॉकेटमधून काढून, थंड असताना, मीटर लावून मोजा. चाळीस ओहमच्या आसपास काटा थांबेल. सूत्र खोटे आहे का? नाही. तार तापली, अट मोडली. नियमाची अट माहीत नसेल तर नियम पाठ असूनही उपयोगाचा नाही.

तेव्हा वरील तिन्ही हुकुमांना आपण तेच विचारू. हा कशावरून आला? त्याची अट कोणती? आणि तो चुकला तर ते आपल्याला कसे कळेल?

एक इशारा मात्र आधीच देतो. शंका घेणे आणि नियम धाब्यावर बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे शिवारात वीज पडून माणसे आणि बैल दगावतात. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नये, हा नियम आधी पाळा आणि घरी आल्यावर त्याचे कारण विचारा. कारण विचाराल तर त्याच्याच शेजारी उभा असलेला एक खोटा नियमही सापडेल : ‘मोबाइल जवळ असला की वीज ओढली जाते.’ उघड्या शेतात वीज पडण्याचा संभव वाढतो तो सभोवतालच्या सपाटीवर तुम्हीच सर्वांत उंच असता म्हणून. खिशातल्या मोबाइलमुळे नव्हे. मोबाइल घरी ठेवून लिंबाच्या झाडाखाली निर्धास्त उभा राहणारा मनुष्य खोटा नियम पाळून खरा मोडत असतो.

मृगाचे घड्याळ

सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो ७ किंवा ८ जूनला. मॉन्सून केरळात येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आणि विदर्भात तो पोचतो साधारणपणे जूनच्या मध्यास. म्हणजे मृगाचा नियम काही हवेतून आलेला नाही. छापील दिनदर्शिका घरोघरी नव्हती त्या काळात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य कोठे आहे, यावरून ऋतू ओळखणे ही मोठीच निरीक्षणशक्ती होती. तिच्याबद्दल आदरच बाळगायला हवा.

पण हे घड्याळ हळूहळू मागे पडते आहे, आणि याचे कारण निखळ पदार्थविज्ञानातले आहे. भोवरा मंदावताना त्याचा आस डुलतो, तसा पृथ्वीचा आसही डुलतो. एका डुलण्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. यालाच परांचनगती म्हणतात. तिच्यामुळे ऋतूंचे वर्ष आणि ताऱ्यांचे वर्ष यांत सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो. ऋतूंचे वर्ष लहान, ताऱ्यांचे मोठे. वर्षाला २० मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण गुणाकार करा. सुमारे ७१-७२ वर्षांत एक संपूर्ण दिवस होतो. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या हिशेबाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात! पाऊस ताऱ्यांना ओळखत नाही; तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यावर, म्हणजे ऋतूंच्या वर्षावर चालतो. आणखी दीड हजार वर्षांनी मृग जूनच्या अखेरीस लागेल. तेव्हाही कोणी ‘मृग लागल्याखेरीज पेरू नये’ म्हणून बसला, तर त्याचे तीन आठवडे वाया जातील.

ही शंका मराठी माणसांनी फार पूर्वी काढलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा, म्हणजे ऋतूंशी जुळणाऱ्या पंचांगाचा पुरस्कार केला. यांतले दीक्षित हे शिक्षण खात्यातले शिक्षक होते. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथांना नावे न ठेवता, त्यांतलीच गणिते तपासून त्यांनी आपले म्हणणे मांडले. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जुळलेले राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. आकाशवाणीवर ज्या तारखा ‘शके’ म्हणून सांगतात त्या याच. पेरणी मात्र अजून मृगावरच चालते.

अर्थात दीड हजार वर्षांत तीन आठवडे ही चूक आपल्या आयुष्यात जाणवणारी नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मृगाचे घड्याळ दरवर्षी त्याच तारखेला वाजते आणि पाऊस मात्र दरवर्षी वेगळ्या दिवशी येतो. २०२३ मध्ये मॉन्सून केरळातच ८ जूनला पोचला आणि विदर्भात यायला जूनचा चौथा आठवडा उजाडला. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मृगाला अजून बारा दिवस होते. सरासरी तारीख हा शेकडो वर्षांचा गोषवारा असतो. यंदाचा पाऊस त्याला बांधलेला नसतो.

नक्षत्रांच्या वाहनांविषयीही येथेच सांगून टाकतो. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन दिलेले असते : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की म्हातारी माणसे खूश होतात. हे वाहन ठरते कसे? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. या गणितात वारा नाही, बाष्प नाही, समुद्र नाही. शिवाय हे उत्तर देवगडला आणि नांदुऱ्याला एकच येते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्याकडे त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आगेमागे. एकच हत्ती दोन्हीकडे पाणी ओततो खरा, पण सोंड सारखी धरत नाही!

भेंडवळचा घट

भेंडवळच्या घटमांडणीची परंपरा सुमारे तीनशे-साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात एक मोठे वर्तुळ आखतात. त्यावर गहू, ज्वारी, तूर, कपाशी, उडीद, मूग अशी अठरा प्रकारची धान्ये ओळीने मांडतात. मध्यभागी खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, वर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, करंजी, भजी, वडा. रात्रभर तेथे कोणी जात नाही. सकाळी सूर्योदयाच्या सुमारास पाहणी करतात. कोणते ढेकूळ किती भिजले यावरून त्या महिन्याचा पाऊस, कोणते धान्य जागचे हलले यावरून त्या पिकाची आबादानी. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात.

ज्यांना जमेल त्यांनी एकदा तेथे जरूर जावे. थट्टा करायला नव्हे. वही घेऊन जावे.

पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा. रात्रीतून ढेकूळ कशाने भिजते? मातीची घागर सच्छिद्र असते म्हणूनच तर तिच्यातले पाणी गार राहते. ते पाझरणारे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि ज्या ढेकळाला घागर टेकली असेल, ज्याची माती अधिक भुसभुशीत असेल, ते आधी भिजते. धान्य कशाने हलते? वारा, मुंगळे, उंदीर, पहाटेची पाखरे. उघड्या शेतात रात्री काय कमी वर्दळ असते? ही कारणे पुरेशी आहेत की नाहीत, हे शाळेच्या आवारात तपासता येईल. एक सोडून दहा खड्डे करा. प्रत्येकात एकाच शेतातली चार ढेकळे ठेवा, त्यांना क्रमांक द्या, वर एकाच कुंभाराकडून आणलेली घागर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ढेकळांचे वजन करा. ढेकळे येत्या पावसाळ्याची बातमी देत असतील, तर एकाच गावाविषयी दहाही खड्ड्यांनी एकच बातमी द्यायला हवी. दहा खड्डे दहा प्रकारे बोलू लागले, तर ढेकळाला कशाची बातमी आहे ते तुम्हीच ठरवा. हा प्रयोग दहावीच्या कुठल्याही वर्गाला जमण्यासारखा आहे. फक्त मांजरे-कुत्री येणार नाहीत अशी जागा बघा, नाहीतर वड्यांपायी सगळेच मुसळ केरात.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समजा कोणी म्हणाले, ‘कारण काही का असेना, भाकीत खरे ठरते ना!’ हे म्हणणे झटकून टाकू नये. कारण माहीत नसतानाही एखादी गोष्ट उपयोगी असू शकते. म्हणून ती मोजावी. पण मोजावी कशी?

पाऊस पडून गेल्यावर आठवून मोजणे निरुपयोगी. बरोबर आलेले लक्षात राहते आणि चुकलेले विसरते, हा मनाचा धर्म आहे. तो शिकल्यासवरल्यांनाही सुटलेला नाही. म्हणून भाकीत जाहीर होईल त्याच दिवशी वर्तमानपत्राचे कात्रण वहीत चिकटवा. प्रत्येक महिन्यापुढे ‘कमी’, ‘साधारण’ किंवा ‘जास्त’ यांपैकी एकच शब्द लिहा. ‘कोठे कमी, कोठे जास्त’ असे वाक्य असेल तर त्यापुढे फुली मारा, कारण ते कोणत्याही वर्षी, कोणत्याही तालुक्यात खरेच ठरते. जे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, त्याच्यातून आपल्याला काहीही कळत नसते.

आता ‘कमी’ म्हणजे किती? तेही आधीच ठरवा. आपल्या तालुक्याच्या गेल्या तीस वर्षांच्या जूनच्या पावसाचे आकडे घेऊन चढत्या क्रमाने मांडा. पहिले दहा ते ‘कमी’, मधले दहा ‘साधारण’, शेवटचे दहा ‘जास्त’. तसेच जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे. या वाटणीमुळे डोळे मिटून चिठ्ठी काढणाऱ्याचाही तीनात एक अंदाज बरोबर येईल.

चार महिने, दहा वर्षे. चाळीस भाकिते झाली. चिठ्ठ्या काढणाऱ्याचे सरासरीने १३ बरोबर येतील. बरोबर १३ च येतील असे नाही. नशीब थोडे इकडेतिकडे करतेच. किती इकडेतिकडे? ४० ला १/३ ने आणि २/३ ने गुणा आणि वर्गमूळ काढा : सुमारे ३. म्हणजे १० ते १६ पर्यंत कितीही बरोबर आले तरी त्यात नवल नाही. घटाची १६ भाकिते खरी निघाली तर ‘सोळा वेळा खरे ठरले!’ अशी मोठी बातमी होईल. पण वर्गातल्या चिठ्ठ्यांनाही तेवढे जमते. २० किंवा अधिक बरोबर आली, तर मात्र थांबून विचार करायला हवा, कारण चिठ्ठ्यांच्या बाबतीत असे शंभरात दोनदा-तीनदाच घडते. तेव्हा घट खरा की खोटा हे या लेखात सांगण्याची गरज नाही. वही सांगेल. दहा वर्षे थांबायला नको असेल तर ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत.

शंभरच का?

आता तिसरा हुकूम, सरकारी. तो शास्त्राच्या बाजूने आलेला म्हणून त्याला प्रश्न विचारायचा नाही, असे थोडेच आहे! एखादा विद्यार्थी विचारील, ‘सर, शंभरच का? नव्याण्णव झाला तर बियाणे उगवणार नाही का?’ हा प्रश्न आगाऊपणाचा मानू नये. उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करू.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मे महिन्याच्या उन्हाने तापलेल्या आमच्या काळ्या मातीत वरच्या थरात आकारमानाच्या ढोबळ मानाने १५ टक्के पाणी उरलेले असते. ते पिकाला ओढून घेता येत नाही. चिकणमाती ते घट्ट धरून ठेवते. भरपूर पाणी देऊन जादाचे निथळू दिले तर हीच माती सुमारे ४० टक्के पाणी धरते. म्हणजे १५ वरून ४० वर जायला २५ टक्के पाणी हवे. वरचा ३० सेंटिमीटरचा, म्हणजे ३०० मिलिमीटरचा थर पुरता भिजवायचा तर ३०० × ०·२५ = ७५ मिलिमीटर. काही पाणी वाहून जाते, काही बाष्प होऊन उडते. ७५ ते १०० हा आकडा असा येतो. त्यात जादू नाही.

पण बी तर चार-पाच सेंटिमीटर खोल पेरतात; ३० सेंटिमीटर भिजवायचे कशाला? उगवण्यासाठी नव्हे, उगवल्यानंतर जगण्यासाठी. काळ्या मातीतले पाणी सुमारे २२ टक्क्यांवर आले की पीक कोमेजू लागते. ४० वजा २२, म्हणजे १८ टक्के पाणी खरे उपयोगाचे. ३०० मिलिमीटरच्या थरात ते ५४ मिलिमीटर भरते. जूनच्या उन्हावाऱ्यात रोज साडेचार-पाच मिलिमीटर पाणी जाते असे धरले, तर पाऊस थांबल्यावर पीक अकरा-बारा दिवस तग धरील. उलट ४० मिलिमीटर पावसावर हुरळून पेरले तर? ४० भागिले ०·२५, म्हणजे जेमतेम १६० मिलिमीटर माती भिजली. त्यातले उपयोगाचे पाणी २९ मिलिमीटर. सहा दिवसांची शिदोरी. जूनमध्ये आठ-दहा दिवसांचा खंड ही काही अपूर्वाई नव्हे. सहा दिवसांची शिदोरी घेऊन दहा दिवसांच्या वाटेला लागणे, असा तो प्रकार. (कोवळ्या रोपाची मुळे लगेच ३० सेंटिमीटर खोल जात नाहीत, पृष्ठभाग आधी सुकतो, या गोष्टी मी सोडून दिल्या आहेत. त्या धरून गणित करणे हा वरच्या वर्गाचा अभ्यास.)

आता नियमाची अट दिसू लागली का? हे सारे गणित काळ्या, खोल जमिनीचे आहे. माळावरची मुरमाड जमीन घ्या. ती ५ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंतच पाणी धरते, आणि ८ टक्क्यांवर पीक कोमेजते असे समजा. तिचा ३० सेंटिमीटर थर अवघ्या ४५ मिलिमीटरमध्ये भिजेल. शंभर झाला तर उरलेले पाणी मुळांखाली निघून जाईल. पण तिच्यातले उपयोगाचे पाणी १२ टक्के, म्हणजे ३६ मिलिमीटर. आठ दिवसांतच टाकी रिकामी. म्हणजे माळावर शंभराची वाट पाहूनही काळ्या रानाइतका भरवसा मिळत नाही. तेथे किती पाऊस पडला यापेक्षा पुढच्या आठवड्याचा हवामान अंदाज काय म्हणतो, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

आणखी एक. शंभर मिलिमीटर कसा पडला? पाच दिवसांत वीस-वीस करून पडला तर मुरतो. एका संध्याकाळी दोन तासांत कोसळला तर नाल्याला पूर येतो आणि शेतात हात घातला तर वितीखाली कोरडी माती लागते. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात. पहिले पाणी त्यांतून खोल जाते आणि दोन भेगांच्या मधली ढेकळे कोरडीच राहतात. मापकावर शंभर, रानात चाळीस!

आणि हा शंभर पडला तरी कोठे? महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर. सरकारी पर्जन्यमापकाचे तोंड साधारण २०० चौरस सेंटिमीटर असते. मंडळाचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटर धरा आणि भागाकार करा. एका भांड्याच्या तोंडावरून त्याच्या पाचशे कोटी पट जमिनीचा पाऊस आपण ठरवतो. जुलैच्या संततधार झडीत हे चालते. जूनच्या वळवासारख्या पावसात मात्र महामार्गाच्या या बाजूला चिखल आणि त्या बाजूला धूळ, हे तुम्ही पाहिलेच असेल. म्हणून कृषी विभागाचा सल्ला मोलाचा मानून, शेतात एक फावडे घेऊन जावे आणि हातभर खड्डा खणून ओल कोठपर्यंत गेली ते पाहावे. ओल वीतभर असेल तर थांबावे. मातीचा गोळा वळून तो हातात टिकतो का बघावे. जुनी जाणती माणसे हेच करीत. माझ्या मते मृगाच्या तारखेपेक्षा त्यांची ही सवय जपण्यासारखी आहे.

हवामान खात्याची वही

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांना असे दिसले, की हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मॉन्सून मंदावतो. त्यावरून १८८६ मध्ये पहिला रीतसर अंदाज निघाला. त्यांच्यानंतरचे एलियट यांनी १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि त्या वर्षी वऱ्हाडासह देशाच्या मोठ्या भागाने भीषण दुष्काळ पाहिला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती प्रमुख झाले. त्यांनी साऱ्या जगातल्या हवेच्या दाबांचे आणि पावसाचे आकडे जमवून सहसंबंध काढले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका त्यांना त्यातूनच सापडला.

पुढची गोष्ट एका मराठी शास्त्रज्ञाची आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान तयार केले. समुद्राचे तापमान, वाऱ्यांची स्थिती, हवेचा दाब, बर्फाचे आच्छादन असे ते घटक. १९८८ पासून त्यावर देशाचा अंदाज निघू लागला आणि वर्षामागून वर्षे तो बरोबर येत गेला. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशात जवळजवळ निम्माच पाऊस झाला.

आता आपली घटाची कसोटी येथे लावून पाहू. न्याय दोघांना सारखाच हवा. १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही. म्हणजे या काळात दरवर्षी नुसते ‘यंदा दुष्काळ नाही’ म्हणणारा मनुष्यही चौदापैकी चौदा वेळा बरोबर आला असता! सोळा घटकांच्या प्रतिमानाची खरी परीक्षा झाली ती २००२ मध्ये, आणि तेथे ते नापास झाले. हे वाचून गोवारीकरांचे काम कमी लेखू नका. त्यांनी घटक कोणते, गणित कोणते, आकडा कोणता हे सारे आधी जाहीर केलेले होते, म्हणून तर चूक नेमकी दिसली. खात्याने ते प्रतिमान बाजूला ठेवले आणि २००३ मध्ये आठ व दहा घटकांची नवी प्रतिमाने घेतली. २००७ मध्ये तीही बदलली. २०२१ पासून अनेक संगणकीय प्रतिमानांचे मिळून अंदाज काढले जातात. अजूनही चुका होतात. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीहून ३६ टक्के कमी पाऊस.

शाळेचा पर्जन्यमापक

यंदाच्या जूनपूर्वी शाळेत एक पर्जन्यमापक करा. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. तोंड लहान की मोठे याने मिलिमीटर बदलत नाहीत. का, ते विचार करून सांगा. बाटलीवर नरसाळे ठेवणार असाल तर मात्र हिशेब बदलेल : नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे आणि बाटली १० सेंटिमीटर व्यासाची असेल, तर बाटलीतली उंची चार पट दिसेल. शीतपेयाची बाटली घेऊ नका. तिचे बूड सपाट नसते.

मापक भिंतीपासून किंवा झाडापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. हा हवामान खात्याचा नियम आहे. तो पटत नसेल तर दुसरा डबा मुद्दाम निंबाखाली ठेवा आणि दोन्हींचे आकडे महिनाभर शेजारीशेजारी लिहा. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, कारण देशभर त्याच वेळी घेतात. रविवारी कोणी यायचे त्याची पाळी आधीच लावून ठेवा. वहीत चार रकाने आखा : तारीख, मिलिमीटर, मंडळाच्या केंद्राचा आकडा आणि शेजारच्या शेतात खड्डा खणून पाहिलेली ओल, सेंटिमीटरमध्ये. काळ्या रानाची ओल आणि माळाची ओल वेगवेगळ्या पानांवर लिहा. मुलांनी पाठवलेले आकडे शिक्षकांनी सुधारू नयेत, विचित्र दिसले तरी.